रकाना क्रमांक अकरा

अजमानच्या औद्योगिक वसाहतीत, टायरच्या दुकानाला लागून
आमचं टायपिंग सेंटर. फॉर्मामागे वीस दिऱ्हम.
दिवसाकाठी सत्तर माणसं माझ्यासमोर येऊन बसतात
आणि मी सत्तर वेळा विचारतो :
नाव, आईचं नाव, धर्म.
आवाज न बदलता. तेवढं शिकायला मला दोन वर्षं लागली.

दिनमणी गोताड, क्रेन ऑपरेटर, तालुका संगमेश्वर,
म्हणाला, "अकरावा रकाना सोडा, मुकादम."
"सुटत नाही. तांबडा तारा आहे त्याच्यापुढे."
"मग लिहा, काही नाही."
मी यादी खाली ओढून दाखवली.
काही नाही, हे यादीत नव्हतं.

भांडखोर नव्हता तो. साठ मीटर उंच केबिनीत
दिवसभर एकटा बसणारा माणूस, शब्द मोजून वापरायचा.
"आम्हाला गावकीनं वाळीत टाकलेलं. बाप गेला
तेव्हा खांदा द्यायला मी आणि धाकटा, दोघंच.
मागच्या बाजूला शिडी बैलगाडीवर टेकवून नेली.
तेव्हापासून माझं याच्याशी बोलणं नाही."
"कुणाशी?"
त्यानं पडद्यावरच्या रकान्यावर बोट ठेवलं.

मग मला वर्कीनं सांगितलेलं, ते मी त्याला सांगितलं :
हा रकाना जिवंत माणसासाठी नसतो.
उद्या क्रेन कोसळली तर तुला जाळायचं की पुरायचं
एवढंच त्यांना कळायला हवं.
"म्हणजे जगताना मोकळा?"
बाहेर बांग झाली. माझं उत्तर राहिलं.

रमजानचा महिना. त्यानं पाण्याची बाटली काढली
आणि रस्त्याकडे बघून परत पिशवीत ठेवली.
मी त्याला मागच्या खोलीत नेलं.
झेरॉक्सच्या मशीनमागे उभ्यानं दोघं पाणी प्यालो,
तो, त्याचा धर्म नाही म्हणून,
मी, माझी साखर चढते म्हणून.
दार मात्र दोघांनी मिळून लावलं.

यादीच्या पार तळाशी सापडलं : इतर.
"हे बरं आहे," तो म्हणाला, "इतर,"
जसं कुणी नकाशात आपली वाडी दाखवावी.
तिसऱ्या दिवशी अर्ज परत आला.
इतर म्हणजे काय, स्पष्ट करा.

बाणकोटच्या शाळेत पाटणकर गुरुजी
रोज प्रास्ताविका म्हणून घ्यायचे.
धर्मनिरपेक्ष म्हणताना माझी जीभ अडखळे.
ते म्हणत, तोड त्याला. धर्म. निर. अपेक्ष.
शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मात्र
धर्माचा रकाना त्यांनीच भरला, वळणदार अक्षरात,
मला न विचारता. नावावरून कळतं, म्हणाले.

निरपेक्ष हा शब्द घरात आई वापरायची,
शेजारच्या लिमये काकूंबद्दल :
"बाई निरपेक्ष आहे. कालवण पाठवते
पण वाटी परत यायची वाट बघत नाही."
सरकार असं असतं का कुठे, देव असतो का,
मला ठाऊक नाही. मी टायपिस्ट आहे.
वाटी घासून परत द्यायला मात्र आई मलाच पाठवायची.

गुरुवारी मुदत संपत होती.
फोनवर त्याच्या केबिनीतला वारा आधी ऐकू आला.
"तुमचाच टाका, मुकादम. लवकर काम होईल."
"माझा टाकला तर दाखला मागतील."
बराच वेळ नुसता वारा.
"मग बापाचा टाका.
तिसरा माणूस मिळाल्यासारखं होईल त्याला."

टाकला. तारा गेला. पावती निघाली.

परत आलेल्या अर्जाचा दंड पन्नास दिऱ्हम,
तो सेंटरनं भरायचा असतो.
इफ्तारनंतर वर्की हिशोबाला बसला :
"ही चूक कोणाची?"
"यादीची," मी म्हणालो.
त्यानं माझ्या पगारातून कापले.